जप्तीतला धान

धकाते हवालदार कुणालाही न वाचता सही करू देत नसत.

गाडी जप्त झालेला माणूस घाईत असतो. सही कुठे करायची तेवढं सांगा आणि मोकळं करा, असं त्याचं चाललेलं असतं. ठाण्यातले बाकीचे लोक बोटानं जागा दाखवायचे. धकाते कागद फिरवून समोर ठेवायचे, पेन स्वतःच्या मुठीत धरायचे आणि म्हणायचे, "वाचा." माणूस कागदावरून नजर फिरवून मान हलवायचा. "तसं नाही जी. मोठ्यानं." शेवटच्या शब्दाशी पोचल्यावरच पेन हातात मिळायचं.

एका पुढाऱ्याच्या भाच्याची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. बिननंबराची नवी मोटारसायकल, भरदुपारी दारू पिऊन, बाजाराच्या गर्दीतून. गाडी जप्त झाली. भाच्यानं मामाला फोन लावला आणि ऐटीत धकात्यांपुढे धरला. धकाते फोनमध्ये म्हणाले, "नमस्कार जी. तुमचा भाचा वाचून राहिला हाय. थांबा, ठेवू नका, तुम्हीबी ऐका." आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. भाचा वाचू लागला. 'मी मद्यप्राशन करून' इथं त्याची जीभ अडकली. "पुन्हा. पह्यलेपासून." तिसऱ्या खेपेला वाक्य पुरं झालं तेव्हा बाहेरच्या चहाटपरीवरचे लोक खिडकीशी येऊन उभे होते. मामांनी मधेच कधी फोन ठेवला ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

ज्यांना वाचता येत नसे त्यांना धकाते स्वतः एकेक वाक्य सांगायचे आणि मागून म्हणायला लावायचे, शाळेच्या प्रार्थनेसारखं. म्हणून लोक त्यांना वाचमास्तर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा अंदाज आहे.

हे मी फार लांबून लिहितो आहे. गुजरातेतल्या एका बंदराजवळ मी कामगारांची बस चालवतो. आंबागडचा माणूस, नववीतून शाळा सोडलेला. लिहायची सवय नाही. पण धकात्यांबद्दल कुणी लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही, म्हणून मीच बसलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर-सिहोऱ्याकडच्या लोकांनी वाटलं तर ओळखावं.

धकाते उंच, काटकुळे, कानावर केसांचे झुपके. चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि ती कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, पिवळसर धाग्यानं बांधलेली होती. घराणं विणकरांचं. वडील हातमागावर कोशाचं कापड विणायचे आणि लहानपणी धकात्यांचं काम म्हणजे धागे मोजणं. "माह्या बापानं मले मोजाले शिकवलं," ते म्हणायचे. "मी अजून तेच करून राहिलो. फक्त कापड बदललं." त्यामुळे जप्तीचा पंचनामा त्यांनी लिहिला की गाडीतली एक वस्तू सुटत नसे. सीटखालचा पाना, आरशाला बांधलेलं लिंबू, डब्यातली अर्धी भाकर, सगळं कागदावर. त्यांच्या या गुणानंच पुढचं सगळं रामायण घडलं.

मी लहानपणापासून घाबरट. गाडी लावली की हँडब्रेक तीनदा ओढून पाहणार, दहा पावलं गेलो की परत येऊन चौथ्यांदा. शाळा सोडली तीसुद्धा भीतीनंच. मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचायची माझी पाळी आली की माझ्या तोंडातून आवाजच फुटत नसे आणि वर्ग हसत असे. त्या हसण्याला कंटाळून मी जंगलातल्या कामाला लागलो, मग गाडी शिकलो. स्टिअरिंग हातात आलं आणि पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमतं. पंचविसाव्या वर्षी माझ्याकडे दुनियेत एकच गोष्ट होती, ती म्हणजे खिशातलं लायसन. गाडी तर मालकाची होती. सिहोऱ्याच्या एका व्यापाऱ्याची पिकअप.

ते धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस होते. आमच्याकडे एखाद्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पाण्यानं सडली तर सोयऱ्याधायऱ्यांनी आपल्याकडचे जास्तीचे द्यायचे, असा रिवाज आहे. गावातल्या शेवंताकाकूच्या सिहोऱ्याकडच्या नणंदेची रोपं बुडाली होती. काकूनं आपल्या बांधीतले, बांध घातलेल्या धानाच्या खाचरातले पऱ्हे उपटून पेंढ्या बांधल्या, गावातल्या बाया गोळा केल्या आणि मला म्हणाली, "रोशन, तुही गाडी तं सिहोऱ्याले रिकामीच जाते ना? घेऊन चाल आमाले." मी पेंढ्या मागे रचल्या. घाबरट माणूस, माल कमी पडला तर आपल्यावर येईल म्हणून दोनदा मोजल्या. त्यावर बाया चढल्या. गाणी म्हणत आम्ही निघालो.

वळणावर रस्त्याच्या कडेला धकाते छत्री घेऊन उभे होते. त्यांनी हात केला नाही, शिट्टी मारली नाही. छत्री मिटून आडवी धरली, रेल्वेच्या फाटकासारखी. मी थांबलो आणि गाणं बंद पडलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय, साहेब?"

"बाया किती?"

"पंधरा-सोळा असतील जी."

"असतील?" ते मागे गेले. "उतरा माय. हळू. निसरडं हाय." प्रत्येकीला हात देत ते मोठ्यानं मोजत होते. मोजणी सोळाच्या पुढे गेली, विसाच्या पुढे गेली. "बावीस," असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "अन् पेंढ्या किती?"

"एकशे चाळीस," मी पटकन सांगितलं.

धकाते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मला वाटतं, त्यांना माझी दया आली असावी. "पेंढ्या मोजल्या," ते म्हणाले. "बाया नाही मोजल्या."



ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर होतं. गाडी आत घेतली, बाया मागून चालत आल्या. धकात्यांनी शांतपणे सांगितलं: मालवाहू गाडीत माणसं नेली, म्हणून परवान्याचा भंग, कायद्यानं पोलिसाला गाडी जप्त करायचा अधिकार दिला आहे, म्हणून ती जप्त, आणि माझं लायसन भंडाऱ्याला परिवहन कार्यालयात जाईल. मग ते लिहायला बसले. स्टेपनी एक. जॅक एक. देवाचा फोटो एक. टपरीवाल्याला आणि एका दुकानदाराला पंच म्हणून बोलावलं, त्यांच्याकडून कागद मोठ्यानं वाचून घेतला, सह्या झाल्या. मग कागद माझ्यापुढे आला.

"वाच."

नववीतला वर्ग माझ्यासमोर उभा राहिला.  खिडकीत बावीस बाया होत्या. मी अक्षरावर बोट ठेवून सुरुवात केली. एकेका शब्दाला इतका वेळ लागत होता की बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी आली आणि गेली. धकाते एकदाही 'लवकर' म्हणाले नाहीत. फक्त मधे एकदा म्हणाले, "घाई नाही. कागद कुठं पळून राहिला?" कुणी हसलं नाही. मी शेवटापर्यंत पोचलो. शेवटी लिहिलं होतं: 'धानाचे पऱ्हे, पेंढ्या एकशे चाळीस.'

माझं वाचून झालं आणि शेवंताकाकू खिडकीतून म्हणाली, "म्हंजे पऱ्हेबी जप्त?"

धकाते बोलायला गेले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वस्तू सोडायची नाही या सवयीनं त्यांनी पऱ्हेसुद्धा लिहून टाकले होते. आता पंचांच्या सह्या झालेल्या. ठाणेदार बंदोबस्ताला भंडाऱ्याला गेलेले, आणि पुढचे दोन दिवस कोर्टाला सुट्टी.

"लिवलं जी मी," ते हळूच म्हणाले. "मुद्देमाल झाला तो आता."

"तं कराचं काय?"

"हुकूम येतवर जपून ठेवाचा. मुद्देमाल सुस्थितीत ठेवाची जबाबदारी माही."

"अस्सं?" काकूनं पदर कमरेला खोचला. "मंग ठेवा ना सुस्थितीत! पऱ्ह्याची सुस्थिती चिखलात असते जी, कपाटात नाही."

खिडकीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. धकाते नाही हसले. ते उठले, मागच्या दाराशी गेले आणि आवाराकडे बघू लागले. ठाण्यामागं जप्त गाड्यांचं आवार होतं. खोलगट जागा, पावसाळ्यात पाणी साचायचं. मोटारसायकली, दोन टेम्पो आणि एक ट्रॅक्टर त्या पाण्यात अर्ध्या चाकापर्यंत उभे होते. धकात्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून बराच वेळ विचार केला. मग बूट काढले, मोजे काढून बुटात नीट कोंबले आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

"चाला," ते म्हणाले. "गाड्या सरकवा."

तशी दुपार मी पुन्हा पाहिली नाही. बायांनी मोटारसायकली ढकलून भिंतीकडे नेल्या. मी आणि एक शिपाई चिखल तुडवायला लागलो. मघापर्यंत मी आरोपी होतो, आता हवालदार, शिपाई आणि मी एकाच चिखलात. धकात्यांनी मुद्देमालाला शिक्का मारताना लागते ती सुतळी आणली, एक टोक टेम्पोच्या हुकाला आणि दुसरं ट्रॅक्टरच्या चाकाला बांधलं आणि सरळ ओळी आखल्या. सुतळीला धरून ते स्वतः वाकून पऱ्हे रोवू लागले. दोन रोपांमधलं अंतर वितीनं मोजत.

"बापा! लुगडं विणून राहिले का जी?" एकीनं विचारलं.

"उभा धागा सरळ पाहिजे," धकाते मान वर न करता म्हणाले.

"आमच्या नवऱ्यायले शिकवा थोडं," दुसरी म्हणाली. "ते तं सीधे घरीबी येत नाही."

मग कुणीतरी मघाचं तुटलेलं गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच उचललं. टपरीवरचे लोक भिंतीवर चढून बघत होते. दोन तासांत जप्त गाड्यांच्या मधोमध एक हिरवी बांधी उभी राहिली. बाया हातपाय धुऊन बाहेर आल्या तेव्हा धकात्यांनी एसटी थांबवली आणि दाराशी उभं राहून प्रत्येकीला मोजून आत बसवलं. शेवंताकाकू पायरीवरून वळून म्हणाली, "पाणी पाहून ठेवजा साहेब. माहा मुद्देमाल हाय तो."

नणंदेचं काही अडलं नाही. सानगडीकडच्या सोयऱ्यांनी दुसरे पऱ्हे पाठवले आणि तिची रोवणी झाली. आठवड्यानं पऱ्हे सोडायचा हुकूम आला तेव्हा काकू येऊन बघून गेली. "आता कायले उपटता? रुजले ते. राहू द्या," म्हणाली. अडलं ते माझंच.

पिकअप सुटली, पण मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. माझं लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झाल्याचा कागद आला. मी तो घेऊन ठाण्यात गेलो. "साहेब, तीन महिन्यांनी खरंच देतील ना?" दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रात्रभर मला वाटायचं की कागद कुठेतरी हरवेल, कुणीतरी चुकीचा शिक्का मारेल, आणि मी पुन्हा जंगलात लाकडं ओढत असेन. हातात एकच गोष्ट असलेल्या माणसाला ती दुसऱ्याच्या कपाटात आहे हे सहन होत नाही.

चौथ्या दिवशी धकाते वैतागले. "काहून येतं बे रोज? मी काय लायसनची कोंबडी आहो, रोज अंडं द्याले?" मग माझं तोंड बघून त्यांनी खुर्ची ओढली. "बस. कागद काढ. वाच." मी वाचलं. "काय लिवलं? रद्द केलं म्हून लिवलं का कुठं?" नव्हतं. "पुन्हा वाच." तिसऱ्यांदा वाचल्यावर मला स्वतःलाच कळलं की तारीख स्पष्ट लिहिली आहे. "पाह्य," ते म्हणाले. "तुले भेव कागदाचं नाही. न वाचलेल्या कागदाचं हाय."

तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा जायचो. ते वाहतुकीच्या नियमांचं मराठी पुस्तक पुढे ठेवायचे आणि आपली कामं करत ऐकायचे. चुकलो तर न बघता म्हणायचे, "मागं ये." तीन महिन्यांत ते पुस्तक मी दोनदा संपवलं. त्यातच एकदा दंडाचं कलम आलं आणि मी थोडा रागानं विचारलं, "साहेब, एवढ्या बाया अशाच गाडीतून जातात सगळीकडे. मलाच काहून धरलं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. एका कालव्यात एकदा मजुरांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली होती, त्यांनी सांगितलं. माणसं काढायला ते स्वतः पाण्यात उतरले होते. "सगळे विचारत होते, किती होते, किती होते. ड्रायव्हरले सांगता नाही आलं. बाहेर निघाले ते रडून राहिले होते, त्यायलेबी माहीत नाही. आम्ही पाण्यात शोधत राहिलो. किती शोधाचे तेच माहीत नाही." एवढंच बोलून त्यांनी पेन उचललं. "वाच पुढं."

मी पुढचं पान वाचलं. मग तेच म्हणाले, आणि या वेळी आवाजात मजा होती, "तुले माणसं न्यायची हौस हाय ना? मंग माणसायची गाडी शिक. मोठी. सीटवाली. त्यात मी कायले धरतो तुले?"

तोवर मला कुणी 'मोठी गाडी शिक' असं म्हटलं नव्हतं.

इकडे आवारातला धान वाढत होता. लोक गाडी सोडवायला यायचे आणि आधी पीक बघायचे. कुणी सांगायचा, आता खत द्या. कुणी म्हणायचा, कीड दिसते. ज्याचा ट्रॅक्टर अडकला होता तो तर रोज येऊन धानाला पाणी किती हवं यावर धकात्यांशी भांडायचा. ट्रॅक्टरचं विचारायचं विसरून जायचा. लोंब्या आल्या आणि नेमके तेव्हाच वरचे मोठे साहेब तपासणीला आले. मी बाकावर होतो. धकात्यांचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं. माझ्या गाडीपायी हे सगळं.

साहेब मागच्या दारात थबकले. "हे काय आहे?"

"मुद्देमाल, सर," धकाते ताठ उभे राहून म्हणाले आणि पंचनामा पुढे केला. साहेब मनात वाचायला लागले. धकात्यांची चुळबुळ सुरू झाली. ओठ हलले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, की आता तरी बोलू नका. पण सवय ती सवय.

"सर... मोठ्यानं, सर."

 साहेबांनी कागदावरून धकात्यांकडे पाहिलं, धकात्यांकडून धानाकडे. आणि मग खरंच मोठ्यानं वाचलं: "धानाचे पऱ्हे, पेंढ्या एकशे चाळीस." शेवटचा शब्द म्हणता म्हणता त्यांना हसू फुटलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "परत देताना नोंद नीट करा. माल वाढला आहे."

कापणीला शेवंताकाकू बायांना घेऊन एसटीनं आली. विळे सपासप चालले, भिंतीलगत झोडणी झाली, दोन पोती धान निघाला आणि तणसाचा, धानाच्या वाळल्या काडांचा, छोटा ढीग. धकात्यांनी पोचपावती लिहिली. काकूला अंगठा उठवायचा होता. धकाते कागद तिच्याकडे न देता माझ्याकडे देत म्हणाले, "काकूले वाचून दाखव."

मी उभा राहिलो. खिडकीत त्याच बाया होत्या. 'जप्त केलेले पऱ्हे एकशे चाळीस पेंढ्या यांच्या ऐवजी, सदर मुद्देमाल ठाण्याच्या ताब्यात असताना पिकास आल्याने, धान पोती दोन व तणीस, मूळ मालकीण यांना परत.' न अडखळता. बोट न ठेवता. एका दमात. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की धकात्यांनी त्या कागदाखाली आणखी काहीतरी ठेवलं आहे. माझं लायसन. सकाळीच आलं होतं.

"हे घ्यायले सही नाही लागत," ते म्हणाले. "पण पाहून घे. नाव बरोबर हाय का, वाच."

मी माझं नाव मोठ्यानं वाचलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताकाकूनं त्या दोन पोत्यांतून ओंजळभर धान काढून माझ्या खिशात ओतला, लायसनच्याच खिशात. ते लायसन आजही वासानं ओळखू येतं, असं मला उगीच वाटतं.

पुढं मी मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि या बंदरावर आलो. धकात्यांच्या निवृत्तीला सुट्टी काढून गेलो. ठाण्यातल्या लोकांनी मिरवणुकीसाठी एक पिकअप फुलांनी सजवली होती आणि चालवायला मलाच बसवलं. बँड वाजत होता. शेवंताकाकू आणि तिच्या बाया नटूनथटून आल्या होत्या. चार जणांनी धकात्यांना गाडीत चढवायला उचललं, तसे ते हवेतच ओरडले, "थांबा! रोशन, खाली उतर."

मी उतरलो.

"दारावर काय लिवलं हाय? वाच."

मला हसू आवरेना. "मालवाहू," मी म्हणालो.

"मोठ्यानं!"

"मालवाहू!" अख्खं ठाणं ओरडलं.

"मंग?" धकाते जमिनीवर उतरले. गळ्यातले हार एकेक करून काढले आणि गाडीत मागे नीट रचून ठेवले. अकरा होते, त्यांनी मोजले. "माल गाडीत जाईल. माणसं पायी."

म्हणून त्या दिवशी मी रिकामी पिकअप पहिल्या गिअरमध्ये हाकत गेलो, मागं फक्त अकरा हार घेऊन. पुढं बँड होता आणि आरशात मागचं सगळं दिसत होतं: धकाते, त्यांच्याशी वाद घालत चाललेली शेवंताकाकू, बाया, आणि तो ट्रॅक्टरवालासुद्धा. घरी पोचल्यावर त्यांनी हार उतरवून घेतले आणि एका लग्नपत्रिकेच्या मागं पोचपावती लिहून दिली: 'रोशन याने मालवाहू गाडीतून हार अकरा आणले. माणसे, शून्य.' मी ती उन्हात उभा राहून मोठ्यानं वाचली आणि सही केली. माझ्या बसच्या केबिनमध्ये ती काचेखाली लावलेली आहे.

माझ्या बसमध्ये ओडिशाचे, बिहारचे, कुठकुठचे लोक आहेत. मी रोज सकाळी दाराशी उभा राहून मराठीत मोजतो. सुरुवातीला ते हसायचे. आता मी एखादा आकडा गाळला तर तेच ओरडतात.

हँडब्रेक मी अजूनही तीनदा ओढतो. ते काही सुटलं नाही. पण रविवारची फेरी सुटायच्या आधी धकात्यांचा फोन येतो आणि चौथ्यांदा ओढायचं राहून जातं. पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी बंद हाय ना?" बंद आहे म्हटलं की दुसरा: "किती?" मी सांगत नाही. स्पीकर चालू करून फोन सीटांकडे धरतो.

"बेचाळीस!" सगळी बस ओरडते.

पलीकडे ते चष्म्याचा धागा सारखा करत असतील. मग आवाज येतो, "ऐकू नाही आलं जी. पुन्हा. मोठ्यानं."